कोजागिरीचं रेकॉर्डिंग

एका स्टीलच्या डब्यासाठी मी माझा अंगठा दिला. तोही दोनदा. आणि एवढ्यावर न थांबता मोहल्ल्यातल्या वीसेक बायकांना रांगेत उभं करून त्यांचेही अंगठे द्यायला लावले.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बरीच हुशारी मिरवणार आहे. वाचणाऱ्याला माझा मूळ वकूब ठाऊक असलेला बरा.

अंगठ्याच्या बाबतीत मी अडाणी होते असंही नाही. उभी हयात पोस्टाच्या काउंटरवर गेली. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या, पेन्शनवाल्या, सही न येणारे मजूर, अशा किती जणांचे अंगठे मी स्वतःच्या हातानं शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उमटवले असतील. प्रत्येकीला दटावायची, "अवो मावशी, अंगठा कायवर लावून राह्यली थे आधी इचारत जा. उद्या कोणी वावर लिहून घेईन." अशी ही बाई. रिटायर झाल्यावर तर तिला शिंगं फुटली. केस काळे करायची, गॉगल लावून भाजी आणायला जायची, बचत गटाची अध्यक्ष, आणि मोठ्या पडद्याचा मोबाईल मोहल्ल्यात पहिला तिचाच. तेव्हाचा तिचा एक फोटो माझ्याकडं आहे. चेहऱ्यावर असा भाव, की जगाला हिला फसवायचं असेल तर आधी खिडकीवर येऊन अर्ज द्यावा लागेल.

जगानं अर्ज दिला नाही. जगानं वाकून नमस्कार केला.

माझं घर पवनारला, धाम नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. मालक गेल्यावर आणि मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यावर खाली मी एकटी. वर एक खोली आणि तिच्यासमोर मोठी गच्ची. ती खोली मी कॉलेजातल्या तीन मुलांना भाड्यानं दिली. तिघं इंजिनिअरिंगच्या एकाच वर्गातले, पहिल्या वर्षापासूनचे जिगरी दोस्त. मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली होती. एक चष्म्या, त्याच्या मांडीवरून लॅपटॉप उतरायचा नाही. एक मुक्या, तो बोलतच नसे. आणि तिसरा गोड्या, त्याच्या जिभेवर गुळाची भेली ठेवलेली. पहिल्याच दिवशी माझ्या पायावर डोकं टेकवून म्हणाला, "आजी, हे घर नाई, मंदिर आहे." आणि गॉगलवाली बाई विरघळली. त्याच आठवड्यापासून वर भाजीची वाटी जाऊ लागली.

वरती दिवसभर शांत असे. संध्याकाळी क्रिकेटचा सामना असला की फोनवर फोन वाजायचे. मी विचारलं तर गोड्या म्हणाला, "कस्टमर केअरचं प्रोजेक्ट आहे आजी, कॉलेजचं." प्रोजेक्ट म्हटल्यावर मला फार कौतुक. त्यांचा टीव्ही केबलवर चालायचा आणि मी खाली मोबाईलवर मॅच पाहायची. वरून "गेलाऽऽ!" अशी आरोळी यायची, आणि माझ्या मोबाईलवर गोलंदाज अजून पळतच असायचा. मग थोड्या वेळानं माझ्याकडं विकेट पडायची. मोबाईलवर सगळं उशिरानं पोचतं, हे मला काय ठाऊक? मी भजनी मंडळात सांगत सुटले, "माह्ये पोट्टे एवढे हुशार हायेत, बॉल पडाच्या आंधीच ओळखतेत."

ओळखत नव्हते, पाहत होते. त्यांची गिऱ्हाईकं माझ्यासारखीच मोबाईलला डोळे लावून बसलेली असायची. गिऱ्हाईक पुढच्या बॉलवर पैसे लावायचा, तेव्हा पोरांच्या लेखी तो बॉल टाकून, मारून, सीमेपार जाऊन आलेला असायचा. सट्टा तर होताच, सट्ट्यातही चोरी. आणि मी त्या चोरीचं कौतुक टाळांच्या साथीनं करत होते.

तर अंगठा.

श्रावणात गोड्यानं माझ्या अंगणात टेबल मांडलं. फोनच्या कंपनीची बायकांसाठी योजना आली आहे, नवं सिमकार्ड घ्या, महिनाभर बोलणं फुकट आणि वर स्टीलचा डबा. बायका जमवायचं काम अर्थातच अध्यक्षीणबाईंचं. एक लहानसं यंत्र होतं, त्यावर अंगठा ठेवायचा. प्रत्येकीच्या वेळी तो म्हणायचा, "नाई घेतला मशीननं. पुन्हा ठेवा, काकू. कष्टाचे हात आहेत तुमचे, रेषा घासून गेल्या." बायकांचे डोळे भरून यायचे. त्यांच्या कष्टाबद्दल नवऱ्यांनी कधी एवढं म्हटलं नव्हतं. माझा अंगठा तर काउंटरवरचा, त्याला घासायला काय झालं होतं? पण मलाही 'कष्टाचे हात' म्हणवून घ्यायला आवडलं, आणि मी पुन्हा ठेवला. पहिल्या अंगठ्याचं सिम आमच्या हातात आलं. दुसऱ्या अंगठ्याचं वर गेलं.

एकीनं मात्र नको म्हटलं होतं. ती माझी शेजारीण. आमच्या दोघींत एकच भिंत. माझ्याहून चार-सहा वर्षांनी लहान, म्हणून मला बाई म्हणते, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. नवरा तरणाताठा गेला, लेकरू झालं नाही. गावातल्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते. पगार कसला, मानधन, तेही वेळेवर नाही. पण शाळेतली लेकरं तिला रस्त्यात ओळखतात, तिच्या पदराला लोंबकळतात, आणि तेवढ्यावर ती जगते म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी म्हणाली, "मले कायले सिम पाह्यजे, बाई? माह्या फोनवर कोनाचा फोन येते?"

"अवो चाल, डबा भेटून राह्यला फुकटात," असं म्हणून मी तिचा हात धरला आणि तिला ओढत नेलं.

घट बसल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शाळेत पोलीस आले. एक हवालदार, एक महिला शिपाई. पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती आणि ती वाढत होती. हवालदारानं तिथंच विचारलं, हा नंबर तुमच्या नावाचा आहे, यावरून क्रिकेटचा सट्टा चालून राह्यला, कोण चालवते? तिनं असला नंबर जन्मात पाहिला नव्हता. ती नाही-नाही म्हणत राहिली आणि पोरं ताटल्या हातात धरून ऐकत राहिली. पोलीस गेल्यावर मोठे गुरुजी म्हणाले, चौकशी निपटेपर्यंत तुम्ही येऊ नका, शाळेचं नाव जाईल. दुसऱ्या दिवसापासून दुसरीच बाई कामावर.

दुपारी ती माझ्याकडं आली. रडली नाही. ओट्यावर बसून पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, सट्टा म्हंजे काय वो नेमकं?"

तिला समजावून सांगता सांगता माझं मलाच समजत गेलं. वरचे फोन. वरचं प्रोजेक्ट. पुन्हा ठेवलेला अंगठा.

त्या संध्याकाळी मी उपासाच्या उसळीची ताटली घेऊन वर गेले. दार लोटलेलं होतं. तिघं टीव्हीकडं तोंड करून. टेबलावर फोनची रांग आणि प्रत्येक फोनच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेननं लिहिलेलं. कोणत्या फोनचं सिम कोणाच्या अंगठ्याचं, हे त्यांच्या लक्षात राहावं म्हणून. 'खिचडी'. 'बहिरी'. 'लंगडी'. 'टाळकुटी'. आणि माझी वाट पाहत असल्यासारखा पुढंच ठेवलेला एक फोन, त्यावर 'भोळी'.

चोर म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. खवीस म्हटलं असतं तर थोडी खूशही झाले असते.

"काय रे हे?" मी विचारलं.

चष्म्या हसला. "प्रोजेक्ट, आजी."

"पोलीस शाळेत गेलते आज. त्या बिचारीचं काम गेलं तुमच्यापायी."

गोड्या उठला. माझ्या हातातली ताटली घेतली, एक चमचा उसळ खाल्ली, सावकाश चावली. "मीठ कमी आहे, आजी." मग म्हणाला, "पाहा, तुमी ठाण्यात गेल्या तर पहिलं काय निघंन? अंगठा कोनाचा? टेबल कोनाच्या अंगणात होता? बाया कोनं जमवल्या? तुमी तं पोस्टात होत्या, तुमाले सारं समजते. बसा ना, मॅच पाहा."

मुक्यानं तर मान वळवूनही पाहिलं नाही.

मी खाली आले. देवापुढं बसले, पण घटाकडं लक्ष नव्हतं. त्या पोट्ट्याच्या तोंडात मिठाचं पोतं कसं उलटं करता येईल, एवढंच डोक्यात. घर खाली करायला सांगावं, तर फोन घेऊन दुसरीकडं जातील आणि बायकांची नावं त्या फोनांत तशीच. पोलिसांना बोलवावं, तर जीप रस्त्याला लागायच्या आधी फोन धामच्या डोहात. निदान मी स्वतःला तरी असंच समजावलं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण सकाळीच आली. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. म्हणाली, "बाई, चाल ना माह्यासंगं शाळेत. तू सांग मोठ्या गुरुजीले. तुह्यं ऐकतेत थे."

"जरा थांब," मी म्हटलं. "त्याइचा असा बंदोबस्त करतो का पाहातच राह्यशीन. सनाचे दिवस हायेत, कोजागिरी होऊ दे."

ती परत गेली.

मग मी वर गेले आणि माफी मागितली. हात जोडून. "जास्त बोलली रे बाप्पा मी काल. म्हातारीचं डोकं. माह्यं नाव फक्त कुठी येऊ देऊ नका." गोड्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "टेन्शन नका घेऊ, आजी." मला त्यांनी भोळी ठरवलंच होतं, तर तो पदर अंगावर घेऊन फिरायला काय हरकत होती? आतून मात्र मी असे सुखाचे दिवस बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. भाजीची वाटी रोज वर जायची, त्यात भिवापुरी मिरची सढळ हातानं. सामना रंगात आला की मी खालून टाकीचा वॉल्व्ह बंद करायची आणि वरून "आजी, पाणी!" अशी हाक आली की ऐकू न आल्यासारखं जप करायची. पण ही नुसती फोडणी होती. भाजी पुढं होती.

ती कशी शिजवायची, हे मला एका गिऱ्हाइकानं शिकवलं. मी ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होते. मोटारसायकलवर एक धिप्पाड माणूस आला आणि खालूनच गोड्याशी भांडायला लागला, की मी या बाजूवर लावले नव्हते, त्या बाजूवर लावले होते. गोड्या शांतपणे खाली आला, खिशातून फोन काढला आणि त्याला त्याचाच आवाज ऐकवला. प्रत्येक सौदा फोनवर, आणि प्रत्येक फोन रेकॉर्ड केलेला. "घ्या काका. कोनाचा आवाज आहे हा?" तो धिप्पाड माणूस मांजरासारखा निघून गेला. मी सूप हातात धरून बसून राहिले. लिखापढी नाही, पावती नाही, सही नाही, अंगठा तर नाहीच. सारा धंदा उभा होता तो फोनमधल्या आवाजावर.

आवाज! आवाजाचं दुकान तर आमचंही होतं.

आमच्याकडं भुलाबाई बसते, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी मुली-बायका जमतात, टिपऱ्या आणि टाळ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची. घरची बाई प्रसाद डब्यात झाकून आणते, डबा कानाशी हलवते, आणि सगळ्या ओरडून ओरडून नावं घेतात. ओळखेपर्यंत डबा उघडायचा नाही, आणि डबा उघडल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. शेवटचा दिवस कोजागिरीचा. त्या वर्षी नेमक्या त्याच संध्याकाळी भारताचा शेवटचा सामना होता. पोरं आठ दिवसांपासून त्याची तयारी करत होती. वर्षातला सगळ्यात मोठा सौदा, असं चष्म्याला फोनवर बोलताना मी जिन्यातून ऐकलं होतं.

मीही तयारी केली. ज्या ज्या बाईचा अंगठा वर अडकला होता, तिच्या घरी जाऊन कानात सांगितलं. टाळकुटी म्हणवली गेलेली बाई इतकी पेटली, की भजनी मंडळाचा माईक आणि स्पीकर तिनं स्वतःच्या डोक्यावरून आणला.

चंद्र वर यायच्या आत आम्ही गच्चीवर चटया अंथरल्या. दुधाचं पातेलं, चारोळी, वेलदोडे, टिपऱ्या, ढोलकी, पितळी थाळ्या, चमचे. स्पीकर मी स्वतः पुसला आणि पोरांच्या खिडकीकडं तोंड करून ठेवला.

गोड्या बाहेर आला. "आजी, आज इथी?"

"अरे, भुलाबाई चालली सासरले. चंद्र कुठी दिसन मंग? खाली टिनात?"

"पण आज लय महत्त्वाची मॅच आहे आमची."

"पाहा ना मंग. कोन नाई म्हनते? टीव्ही तुमचा, गच्ची माह्यी."

तिकडं नाणेफेक झाली आणि इकडं ढोलकी. जुनी गाणी संपली तेव्हा मी माईक हातात घेतला आणि नवं सुरू केलं. आठ दिवस डाळ निवडता निवडता जुळवलेलं:

माह्या गच्चीवर तीन बोके,
दुधावर ठेवले डोळे;
अंगठे चाटले बाया-बाईचे,
आता म्हनतेत आमी भोळे!

वीस बायका, त्यांच्या सुना, नाती. थाळ्यांवर चमचे. पोरांनी खिडक्या लावल्या. आश्विनाचा उकाडा, त्यात बंद खोली. जरा वेळानं उघडल्या. चष्म्या दोन फोन घेऊन बाथरूममध्ये शिरला. बाथरूमचं दार गच्चीवरच होतं. बहिरी म्हणून जिची चिकटपट्टी होती, ती त्या दारापाशी थाळी घेऊन बसली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं तिच्या हाताला मर्यादा नव्हती. शेवटी मुक्या बाहेर आला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचा आवाज ऐकला. "बाया हो! चुप बसा ना थोडं!"

"अगंबाई, याले वाचा हाये!" कोणीतरी म्हणालं, आणि त्याच्या नावाचं एक गाणं जागच्या जागी तयार झालं.

मग मी खिरापतीचा डबा आणला. डबा हलवला. आवाजच नाही. आत शिरा थापून बसवला होता, वाजणार काय? पण मी कशाला सांगू! बायकांनी चिवड्यापासून सुरुवात केली. लाडू, फुटाणे, करंजी, शेंगदाणे, गाठी, चिरोटे. प्रत्येक नावाला माझं माईकवरून "नाऽऽई!" आणि प्रत्येक नाहीला थाळ्या. तिकडं शेवटची षटकं चालू होती, फोन जिवाच्या आकांतानं वाजत होते, गोड्या एका कानात बोट घालून दुसऱ्या कानात "काका, पुन्हा सांगा, काका!" करत होता. मी त्याच्याकडं पाहिलं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. देवानं त्या क्षणी मला वर माग म्हटलं असतं, तर मी म्हटलं असतं, अजून एक षटक वाढव.

सगळा मोहल्ला त्या रात्री माझ्या गच्चीवर होता. एका शेजारणीचं दार तेवढं बंद होतं. मी मनाशी म्हटलं, उद्या ऐकंन तवा हासंन.

सकाळी माझ्या फाटकाशी मोटारसायकली लागल्या. नवल असं, की त्या सकाळी हरलेल्या बाजूवर पैसे लावलेला एकही माणूस तिथं नव्हता. सगळ्यांनीच जिंकणाऱ्या बाजूवर लावले होते म्हणे! गोड्या ओरडत होता, काका तुम्ही तर उलट्या बाजूनं होते. धिप्पाड माणूस म्हणाला, "हाव का? लाव मंग रेकॉर्डिंग. माह्याच आवाजात ऐकव."

गोड्यानं लावलं. फोनमधून ढोलकी, थाळ्या आणि माझा स्वच्छ, खणखणीत आवाज: माह्या गच्चीवर तीन बोके. दुसरं लावलं, तीन बोके. तिसऱ्यात शेंगदाणे, करंजी आणि "नाऽऽई!"

"अबे, माह्या पैशाच्या जागी भुलाबाई ऐकवून राह्यला का बे?"

त्यांनी पोरांच्या गाडीची चावी काढून घेतली, पळायच्या बेतानं फोन भरून बांधलेल्या त्यांच्या बॅगा फाटकात आडव्या टाकल्या आणि स्वतः त्यांच्यावर बसले. मी आत जाऊन ठाण्यात फोन केला. "सट्टेवाले, त्याइचे फोन आन त्याइचे गिऱ्हाईक, सारे माह्या फाटकात हायेत. मोठी गाडी आनजा."

वळणावर जीप दिसताच गिऱ्हाईकं शेजारच्या तुरीच्या वावरातून पांगली. पोरांच्या गाडीची चावी मात्र गिऱ्हाइकांच्याच खिशात गेली, त्यामुळं आमचे तिघं तिथंच राहिले. शाळेत गेला होता तोच हवालदार. त्यानं बॅग उघडली आणि फोन एकेक करून माझ्या ओट्यावर मांडले. चिकटपट्ट्या वाचताना तो चाचरला. "खिचडी... बहिरी... हे काय आहे?"

"मानसं हायेत," मी म्हटलं. "ही बहिरी, थे तिकडं उभी. ही टाळकुटी. आन ही भोळी म्हंजे मी. अक्षर कोनाचं हाये थे याले इचारा." चष्म्यानं मान खाली घातली. सिम बायकांची, पण फोन कोणाच्या हातात होते ते त्याच्याच निळ्या पेननं लिहून ठेवलं होतं. नंतर आम्ही सगळ्या ठाण्यात जाऊन दिवसभर बाकांवर बसलो आणि अंगठा दोनदा कसा घेतला, ते प्रत्येकीनं सांगितलं.

जीपमध्ये चढताना गोड्या माझ्याजवळ थांबला. जीभ अजून गोडच. "आजी, एवढं कराले नव्हतं पाह्यजे."

"काऊन रे?" मी म्हटलं. "मीठ कमी होतं ना? आता पुरलं का?"

त्याचे वडील नंतर कारमधून आले, मिठाईचा मोठा डबा घेऊन. पोराचं आयुष्य बरबाद होईल म्हणाले. मी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि जबाबातला एक शब्द मागं घेतला नाही. तिघांनाही कॉलेजानं काढल्याचं कानावर आलं, त्या दिवशी सण नसताना पुरण घातलं. दया यायला हवी होती, असं मुलगा फोनवर म्हणाला. आली नाही. अजूनही येत नाही. मी वाट पाहिली आहे, प्रामाणिकपणे.

ठाण्यातून शाळेला निरोप जायला वेळ लागला. मध्ये दिवाळीची सुटी आली. शाळा उघडली तशी शेजारीण पुन्हा कामावर गेली, हे मला तिच्याकडून नाही, एका लहान पोरीकडून समजलं. मी त्याच दुपारी शाळेत गेले. स्वयंपाकाच्या खोलीत धूर होता, ती पातेल्यात उलथनं घालून ढवळत होती. मी दारातच सुरू झाले. गोड्याची नक्कल केली, बाथरूमच्या दारातली बहिरी केली, मुक्याला वाचा फुटली ती केली. दोन-चार पोरं जमली आणि पोट धरून हसायला लागली. मी आणखी रंगले.

ती हसली नाही. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, पदराला हात पुसले, पोरांना बाहेर पिटाळलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाली,

"बाई, तुनं त्या पोट्ट्याइले चांगलं नाचोलं, साऱ्या गावानं पाह्यलं. पन मी तुले दुसऱ्याच दिवशी म्हनलं होतं, चाल माह्यासंगं, गुरुजीले येवढंच सांग का हिले हात धरून मीच नेलतं. एका वाक्याचं काम होतं. तू कोजागिरीची वाट पाहात बसली, आन मी रोज शाळेच्या भिंतीआडून माह्ये लेकरं दुसरीच्या हातचं खातानी पाह्यले. घरी येत जा, मी चाहा करीन. पन हे गोष्ट माह्यापुढं हासून नोको सांगत जाऊ."